खाली कोण झोपतं तेवढं विचारून जा : सर्पमित्रांना खुलं पत्र

सर्पमित्र दादांनो आणि ताईंनो, नमस्कार.

आधीच सांगते, हे पत्र तुम्हाला नावं ठेवायला लिहिलेलं नाही. रात्री दोन वाजता फोन केला तरी तुम्ही उचलता, स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून येता, अनोळखी माणसाच्या मोरीत वाकून टॉर्च मारत बसता आणि बऱ्याचदा नुसतं थँक्यू ऐकून परत जाता. पूर्वी साप दिसला की काठी निघायची, आता फोन निघतो, हा बदल तुमच्यामुळे झालाय आणि आमच्या डोळ्यांदेखत झालाय. ओळखपत्र, विमा, चांगलं सामान या तुमच्या मागण्या आहेत त्याही शंभर टक्के रास्त आहेत, त्यासाठी कुठे सह्या लागल्या तर मला हाक मारा.

पण एक तक्रार आहे आणि ती बरेच दिवस साठलीये म्हणून जरा लांबण लागणार, वाचा प्लीज. तुम्ही साप घेऊन जाता आणि तो ज्या कारणाने आला ते कारण आमच्याच घरात सोडून जाता.

आता तुम्ही म्हणाल आमचं काम साप पकडायचं, तुमचं घर आवरायचं काम आमचं आहे का. नाहीच. आवरायचं आम्हीच. पण काय आवरायचं ते कोण सांगणार? आरोग्य खात्याचं पोस्टर दवाखान्याच्या भिंतीवर असतं, तिथे माणूस आजारी पडल्यावर जातो आणि तेव्हा तो पोस्टर वाचत नाही. शाळेत माहितीपत्रक मिळतं, त्याची दुसऱ्या दिवशी विमानं होतात. पण ज्या रात्री घरात मण्यार निघते ना, त्या रात्री अख्खं घर आणि आजूबाजूची चार घरं जागी असतात, छातीत धडधडत असतं आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतात. तेव्हा तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकतो, नुसतं ऐकत नाही तर सकाळी उठून करतो. ही संधी कुठल्या डॉक्टरला मिळत नाही, कुठल्या साहेबाला मिळत नाही, ती फक्त तुम्हाला मिळते, आणि तुमच्यातले बरेच जण ती रील बनवण्यात घालवतात.

कडक बोलले असेन, पण जे बघितलंय ते सांगते.

आमच्याकडे स्वयंपाकघरात मण्यार निघाली होती, सिलिंडरच्या मागे भिंतीला चिकटून. ज्या पोराला बोलावलं तो लगेच हजर, चपळ, निडर, त्याबद्दल वादच नाही. पण आल्या आल्या पहिलं काम काय, तर मित्राच्या हातात मोबाइल दिला आणि लाइट कुठून येतोय ते बघितलं. मग मण्यारीला शेपटीला धरून बाहेर ओढली आणि हॉलमध्ये आणली. गुळगुळीत फरशीवर तिला धड पुढे सरकता येईना, ती नुसती वेटोळं करून डोकं खाली लपवत होती, आणि हा पठ्ठ्या तिच्या पाठीवर बोटाने टकटक करत कॅमेऱ्याकडे बघून सांगतोय की बघा मित्रांनो किती शांत साप आहे. दारात गल्लीतली सगळी पोरं गोळा, एकाच्याही पायात चप्पल नाही, त्यातलं एक तर पुढे येऊन वाकून बघत होतं. मग ही नागापेक्षा किती पट विषारी असते त्यावर भाषण झालं, मग तिला बरणीत भरली, बरणी हातात धरून फोटो झाले आणि जाताना आम्हाला काय सांगितलं तर चॅनल सबस्क्राइब करा.

बेसिनच्या पाइपाभोवतीचं भोक तसंच. मागच्या दाराखालची फट तशीच, त्यातून माझी करंगळी आरामात आत जायची. सिलिंडरमागे उंदराने कुरतडलेल्या कागदाचा ढीग तसाच. आणि आमच्या सासूबाई, त्यांना कॉटवर झोप लागत नाही, त्या त्या रात्री परत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी सतरंजी टाकून झोपल्या, कारण साप तर नेला ना!

पुढे एकदा अंगणात जळणाच्या ढिगात घोणस निघाली तेव्हा दुसरे एक काका आले. वयस्कर, पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्यांनी आधी सगळ्यांना आत पिटाळलं, एकालाच लांब उभं करून सांगितलं की तू फक्त तिच्यावर नजर ठेव, हलू नको. मग पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकचा पाइप बांधला, पाइपाचं तोंड तिच्यासमोर ठेवलं आणि हुकने अलगद ढकलत राहिले, अंधारं भोक दिसलं तशी ती स्वतःहूनच आत गेली. हात लावलाच नाही. बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकं साधं काम. पिशवी बांधून बादलीत ठेवली, झाकण लावलं आणि मग मला विचारलं, घरात खाली कोण झोपतं?

मला वाटलं पाणीबिणी मागतील. तर ते टॉर्च घेऊन घराभोवती एक चक्कर मारून आले, मागच्या दाराची फट दाखवली, मोरीच्या नळीला जाळी नाही ते दाखवलं, जळण भिंतीला टेकून रचलंय ते लांब घ्या आणि जमिनीपासून वर उचलून रचा म्हणाले, आणि सासूबाईंना समोर बसवून मच्छरदाणी अंथरुणाखाली कशी खोचायची ते स्वतः करून दाखवलं. एवढ्या सगळ्याला चहा उकळतो तेवढा वेळ लागला असेल. सासूबाई आमचं काही ऐकत नाहीत, काकांचं ऐकलं.

तर मुद्दा हा आहे. मला त्या पोराचा राग नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही की पिशवी बांधल्यावर काम संपत नाही.

खाली कोण झोपतं हा प्रश्न इतका का महत्त्वाचा ते तुमच्यापैकी जाणत्यांना माहितीये पण बाकीच्यांसाठी लिहिते. मण्यार रात्रीची फिरते, आणि तिचे बहुतेक दंश जमिनीवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्र ते पहाट या वेळात होतात. दात बारीक, सूज जवळजवळ नाही, आग नाही, माणूस मुंगी चावली समजून कूस बदलून परत झोपतो. मग पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो, गिळता येत नाही, आणि घरचे म्हणतात पित्त झालं असेल, सोडा द्या. मग पापण्या जड होतात, उघडतच नाहीत, बोलणं बोबडं होतं, आणि शेवटी श्वास. माणूस ऐकत असतो बरं का, त्याला सगळं कळत असतं, फक्त डोळा उघडता येत नाही आणि बोट हलत नाही, आणि बाहेरच्यांना वाटतं संपलं. मण्यारीचं विष जिथे नस स्नायूला हुकूम देते त्या टोकावरच घाव घालतं, आणि एकदा ते टोक बिघडलं की सापाच्या विषावरच्या इंजेक्शनने परत जागेवर येत नाही, शरीर स्वतः दुरुस्त करेपर्यंत व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, कधी कधी कित्येक दिवस. म्हणून खाली झोपणाऱ्याला पहाटे अचानक पोटात दुखलं आणि पापण्या पडायला लागल्या तर चावल्याची खूण शोधत बसू नका, सापच समजा आणि निघा, हे एक वाक्य मण्यार निघालेल्या प्रत्येक घरात सांगितलं गेलं पाहिजे. तुम्ही नाही सांगितलं तर कोणीच सांगणार नाही.

आणि मच्छरदाणीचं म्हणाल तर ती काही काकांची युक्ती नाही, आग्नेय नेपाळच्या तराईत यावर अभ्यास झालाय, २००७ साली तो छापून आला, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असतो असं त्यात स्पष्ट दिसलं. खाट असेल तर उत्तमच, पण खाट असून चादर जमिनीला लोळत असेल तर काय उपयोग, तेही सांगा. भिंतीपासून थोडी लांब घ्या खाट. सांगायला किती सोपं आहे बघा, आणि डास पण चावत नाहीत.

आकडे तुम्हाला पाठ असतील तरी एकदा लिहिते, कारण माझं म्हणणं त्यांच्यावरच उभं आहे. भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसं गेली असा हिशेब निघाला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले ९४ टक्के खेड्यातले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. आणि ७७ टक्के मृत्यू दवाखान्याच्या बाहेर झाले, घरी, रस्त्यात, कुठेतरी. यातला शेवटचा आकडा परत वाचा. याचा अर्थ दवाखान्यात काय सोय आहे याच्या आधीच बहुतेकांचा निकाल लागलेला असतो, घरात काय केलं आणि किती वेळ घालवला यावर. आणि घरात तर तुम्ही येऊन गेलेले असता!

सरकार झोपलंय असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलंय, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. छान आहे सगळं. पण आराखडा दिल्लीतून निघून आमच्या मागच्या दाराच्या फटीपर्यंत यायला मध्ये कोणीतरी माणूस लागतो ना.

आता प्रत्येक सापामागे सांगायचं वेगळं असतं, ते तुम्हाला जास्त कळतं, मी आपलं घरातल्या बाईच्या नजरेने सांगते. नाग निघाला तर आधी उंदीर बघा आणि कोंबड्यांचं खुराडं बघा, धान्याची पोती जमिनीवर टेकलीयेत का बघा, कारण उंदीर आहेत तोपर्यंत नाग परत येणार, तो नाही तर दुसरा. फुरसं असेल तर गोष्ट दगडांची आणि अनवाणी पायांची, कोकणातल्या कातळावर ते एवढंसं वेटोळं करून बसतं की दिसतच नाही, अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं तो ऐकू आला तर नशीब, तिथे अंधारात टॉर्च आणि पायात बूट याशिवाय दुसरं काही सांगायची गरज नाही.

घोणशीचं मात्र जरा जास्त सांगा. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते ती, एवढं लोकांना माहिती असतं, पण ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि एका वेळी वीस-चाळीस सुद्धा देते, उन्हाळा संपता संपता आणि पावसाळा सुरू होताना, हे माहिती नसतं. पिल्लू जन्मापासून विषारी असतं. वीतभर पिल्लू बघून लोक ते अजगराचं समजतात आणि काठीने उचलतात, काही दिवटे तर हाताने उचलतात. म्हणून त्या दिवसांत एक पिल्लू पकडलं तर बाई, अजून असतील, आठ-पंधरा दिवस अंगणात हात घालताना बघून घाला, एवढं सांगायला काय हरकत आहे. आणि घोणस चावली की सूज लगेच चढते, हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, किडनी बसू शकते, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून घरी नेऊ का असं विचारणाऱ्या नातेवाइकांना तुम्हीच गप्प करा.

ओळख पटवण्याबद्दल पण थोडं. कवड्या बिनविषारी आणि मण्यार विषारी, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे, मण्यारीचे बारीक, जोडीजोडीने, मानेपासून बरेच मागे सुरू होणारे आणि शेपटीकडे ठळक, कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत गेलेले. हे तुम्ही लोकांना उत्साहाने शिकवता. माझी विनंती आहे की शिकवताना पुढचं वाक्य पण म्हणा, की हे लांबून फोटोत बघायचं आहे, वाकून पट्टे मोजायचे नाहीत. आमच्या नात्यातला एक जण कवड्याच आहे म्हणत हात घालायला निघाला होता, अर्धवट ज्ञान हे असं असतं. आम्हाला घरच्यांना एकच नियम पुरे, लांब थांबा, नजर ठेवा, पोरं आणि कुत्रं आत घ्या, फोन करा. नंबर नसेल तर वनविभागाचा १९२६ आहे.

आता पावडर. यावर मी जरा चिडूनच लिहिणार आहे. साप पकडून झाल्यावर घराभोवती टाका म्हणून कसली तरी पावडर किंवा बाटली विकणारे तुमच्यात आहेत, थोडे आहेत पण आहेत. फिनाइल, गंधक, डांबराच्या गोळ्या, कार्बोलिक ॲसिड, यातल्या कशानेही साप भरवशाने लांब राहत नाही. डांबराच्या गोळ्या आणि गंधकावर तर प्रयोग झालेत, साप त्यावरून सरळ गेले. कार्बोलिक ॲसिडने कातडी भाजते, अंगणात रांगणारं पोर असेल, मांजर असेल त्यांना इजा होईल, आणि सापाच्या अंगावर ओतलं तर तो जखमी होऊन सैरावैरा घरातच पळेल. पण सगळ्यात वाईट हे की बाटली आणली की माणूस निर्धास्त होतो आणि फट बुजवत नाही. जाळीचा एक तुकडा, दाराखाली लावायची रबराची पट्टी आणि मूठभर सिमेंट यांचं काम बाटली करत नाही. कृपा करून विकू नका, कोणी विचारलं तर नको म्हणून सांगा.

दंशाचं तर तुम्ही साप कोणाला चावलेला नसतानाच सांगायला हवं, म्हणजे कोणाला काही झालेलं नाही, साप पिशवीत आहे, सगळे शांत आहेत, तेव्हाच. चावल्यावर कोणाला काय ऐकू येतंय. विचारा घरातल्यांना, सापाचं इंजेक्शन तुमच्या जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं? व्हेंटिलेटर कुठे आहे? रात्री गाडी कोणाची, चालवणार कोण? बहुतेक घरात उत्तर येत नाही, आमच्याकडेही आलं नव्हतं. मग ते भिंतीवर लिहून ठेवायला लावा, १०८ सोबत. आणि १०८ ला यायला वेळ लागणार असेल तर वाट बघत बसू नका, वाटेत भेटू म्हणून सांगा आणि निघा. रुग्णाला चालवायचं नाही, पळवायचं नाही, हात किंवा पाय मोडल्यावर फळी बांधतात तसा न हलता ठेवायचा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढायचं कारण सूज आली की निघत नाही. आवळून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. दोरीने विष थांबत नाही, उलट घोणस-नागाच्या दंशात तो हात कुजायची भीती वाढते. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवायचं.

आणि साप मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायचा नाही. हे तुम्हीच सांगू शकता कारण लोकांना वाटतं साप दाखवला नाही तर डॉक्टर औषध देणार नाही. आपल्याकडे जे इंजेक्शन मिळतं ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच आहे, घोड्यांच्या रक्तातून बनवतात, त्यामुळे सुरुवात करायला डॉक्टरला साप लागत नाही, लक्षणं लागतात. लांबून फोटो मिळाला तर दाखवा, नाही तर राहू द्या. सापाच्या मागे पळणाऱ्याला दुसरा दंश होतो, आणि मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं.

डॉक्टरांच्या बाजूनेही दोन शब्द तुम्ही बोलाल का? दवाखान्यात गेल्या गेल्या इंजेक्शन का देत नाही म्हणून नातेवाईक अंगावर जातात. विष चढल्याची लक्षणं असतील तरच ते देतात, कारण त्याची स्वतःचीच जोरदार रिॲक्शन येऊ शकते. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणून रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं गोठतंय का बघतात, पापण्या बघतात, एक दिवस नजरेखाली ठेवतात. हे बघत बसणं म्हणजेच उपचार चालू आहे. आणि लहान मुलाला मोठ्याइतकाच डोस देतात, ते चुकून नाही, साप मूल बघून विष कमी सोडत नाही. मांत्रिकाने उतरवलं म्हणणाऱ्यांचं गुपितही यातच आहे, बिनविषारी साप असतो किंवा विष सोडलेलंच नसतं, आणि श्रेय मंत्राला जातं. ज्याच्या अंगात खरंच विष असतं त्याचे मात्र तिथे दोन तास जातात.

आता तुमच्या स्वतःबद्दल. मला बरेच वेळा चावलाय, आता विष चढत नाही, असं छाती काढून सांगणारे तुमच्यात भेटतात. चढतं हो दादा. उलट परत परत चावून घेतल्याने शरीर विषाला ॲलर्जिक होऊ शकतं, आणि मग पुढचा दंश विषाच्या आधी ॲलर्जीनेच मारू शकतो. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या सर्पमित्राची बातमी येते, नाग हातात धरलेला शेवटचा फोटो आणि खाली श्रद्धांजली, घरी बायको आणि लहान पोरं. तो फोटो काढायची गरज होती का? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, सापाला परवानगीशिवाय पकडणं, घरात ठेवणं, खेळ करून दाखवणं त्यात बसत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. आणि तुमचं बघून शेजारच्या नववीतल्या पोराला वाटतं की हे जमतं. त्याला हुक, पाइप, पिशवी दिसत नाही, त्याला फक्त हात दिसतो. व्हिडिओ करायचाच असेल ना तर फटीचा करा, मोरीच्या नळीचा करा, मच्छरदाणी खोचतानाचा करा. व्ह्यूज कमी येतील हे कबूल.

सोडण्याचं पण विचारायचं होतं. चार-पाच साप जमले की एकदम लांबच्या जंगलात नेऊन सोडायचे, असं बरेच जण करतात आणि त्याचाही व्हिडिओ असतो. साप बरण्यांमध्ये उपाशी बसतात तेवढे दिवस. आणि अनोळखी जागी सोडलेला साप बिळं शोधत, पाणी शोधत उगाच लांब लांब भटकतो, त्यात मरण्याची शक्यता जास्त, शिवाय त्या जंगलाकडेला पण कोणाचं तरी घर असतं, तिथली माणसंही खाली झोपतात, दवाखाना त्यांना आमच्यापेक्षा लांब. आमच्या सापाची भेट त्यांना कशाला? वनविभागाला कळवून जवळच्याच योग्य जागी, लवकरात लवकर सोडा. जवळ सोडला तर परत येईल म्हणून आम्हीच आरडाओरडा करतो हे मान्य आहे, तिथे तुम्ही आम्हाला फट बुजवायला सांगा, म्हणजे दोघांचंही भागेल.

एक वही ठेवाल का? कुठला साप, घरात नेमका कुठे, किती वाजता, कशाच्या मागे, एवढंच. नावं पत्ते नकोत. तुमच्याकडे जो अनुभव आहे तो असा कागदावर आला तर पावसाळ्याच्या आधी ग्रामसभेत उभं राहून सांगता येईल की आपल्या गावात इतक्या मण्यारी स्वयंपाकघरात निघाल्या, इतक्या मोऱ्यांना जाळी नव्हती. तुम्ही आलात तर आशाताई पण ऐकतील, सरपंच पण ऐकतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शनचा साठा आहे का हे विचारायलाही तुमच्याइतका हक्क कोणाला नाही.

आमच्याकडून काय हवं तेही सांगा, बिनधास्त सांगा. गर्दी आम्ही हटवू. लाइट लावून देऊ. साप कुठे गेला ते नीट बघून ठेवू, म्हणजे तुम्हाला अख्खं घर उपसावं लागणार नाही. पेट्रोलचे पैसे न मागता देऊ, द्यायलाच पाहिजेत, फुकट या म्हणणारे आणि वर उशीर झाला म्हणून बोलणारे आमच्यातलेच आहेत त्यांची मला लाज वाटते. धामण, दिवड, नानेटी असं काही बिनविषारी निघालं आणि ते आपलं आपण बाहेर जात असेल तर रात्री बेरात्री तुम्हाला उठवणार नाही. आणि तुम्ही दाखवलेली फट पुढच्या वेळी आलात तेव्हा उघडी दिसली तर तोंडावर बोला, ऐकून घेऊ.

ज्या काका-ताईंना हे सगळं आधीपासून माहिती आहे आणि जे करतातही, त्यांनी माझं एवढं लांबलचक बोलणं मनावर घेऊ नका. फक्त तुमच्या ग्रुपमध्ये टाका, कोणाचंही नाव न घेता. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळेल.

तुमची,
मण्यार निघालेल्या घरातली एक सून